मांजर पोझ देत नाही

कार्ल काहलर हा ऑस्ट्रियन चित्रकार १८९१च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत होता, तेव्हा त्यानं आयुष्यात एकही मांजर रंगवलेलं नव्हतं. त्याआधी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतींची आणि तिथल्या नटूनथटून आलेल्या गर्दीची मोठमोठी चित्रं काढून त्यानं नाव कमावलं होतं. केट बर्डसॉल जॉन्सन या धनाढ्य बाईंनी त्याला काम दिलं ते मात्र आपल्या लांब केसांच्या पर्शियन आणि अंगोरा मांजरांचं. सगळ्यांचं मिळून एकच चित्र हवं होतं. काहलर जवळजवळ तीन वर्षं त्या मांजरांच्या मागे रेखाटनांची वही घेऊन हिंडला. एकेकीच्या सवयी, बसण्याच्या तऱ्हा, शेपटीची ठेवण त्यानं टिपून घेतली. शेवटी जे तैलचित्र तयार झालं त्यात ४२ मांजरं आहेत. साडेआठ फूट रुंद, सहा फूट उंच, वजन शंभर किलोच्या वर. नाव ‘माय वाइफ्स लव्हर्स’, म्हणजे ‘माझ्या बायकोचे प्रियकर’. हे नाव बाईंच्या नवऱ्यानं दिलं असं म्हणतात. त्या वेळी चित्रकाराला ५,००० डॉलर मिळाले, आणि २०१५च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात हेच चित्र ८,२६,००० डॉलरला गेलं.

चित्र नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक मांजर स्वतंत्रपणे उत्तम आहे, पण बहुतेकींना शेजारची मांजर तिथे आहे हे ठाऊकच नाही. आणि ते स्वाभाविक आहे. ही बेचाळीस मांजरं अशी एका जागी, एका वेळी कधी बसलीच नसणार. वेगवेगळ्या दिवशी केलेली रेखाटनं एका मखमली पार्श्वभूमीवर जुळवून आणलेली आहेत. या प्रकारची चित्रं ‘अगदी फोटोसारखी’ म्हणून वाखाणली जातात, पण ती बनतात फोटोच्या नेमक्या उलट पद्धतीनं. एका क्षणात कुणी काही पकडलेलं नसतं. शेकडो अर्धवट क्षणांची ती जोडणी असते.

अडचण साधी आहे. तैलरंग सावकाश चालणारं माध्यम आहे. जवसाच्या तेलातला रंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते तेल हळूहळू घट्ट होत जातं. पातळ थर हाताला कोरडा लागायलाही काही दिवस जातात, जाड थर आतून मुरायला महिने. माणसाचं व्यक्तिचित्र काढताना समोरच्याला सांगता येतं, ‘जरा मान डावीकडे, उद्या याच वेळी या.’ मांजराला हे सांगून पाहा! कुत्रा निदान बिस्किटाच्या आशेनं मिनिटभर थांबतो. चित्रकारानं एकाग्र होऊन टक लावून पाहायला सुरुवात केली, की मांजर अस्वस्थ होऊन उठून जातं, कारण टक लावून पाहणं ही त्याच्या जगात धमकी असते.

या अडचणीवर सगळ्यात कल्पक तोडगा काढला तो हेन्रिएट रॉनर-क्निप या डच बाईंनी. जन्म १८२१, अ‍ॅमस्टरडॅम. वडील योसेफस ऑगस्टस क्निप हे निसर्गचित्रकार. त्यांची दृष्टी गेली. मुलीला त्यांनीच शिकवलं आणि शिस्तही जबरदस्त लावली. दिवसभर काम, आणि दुपारी डोळ्यांना विसावा म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत बसवत, असं तिच्या चरित्रात येतं. स्वतःचे डोळे गमावलेल्या बापाची ही काळजी समजण्यासारखी आहे. १८५०मध्ये लग्न करून ती ब्रसेल्सला गेली. नवरा आजारी, मुलं सहा, आणि घर चालायचं ते तिच्या ब्रशवर. सुरुवातीला तिनं कुत्रे रंगवले. त्या काळी बेल्जियममध्ये छोट्या गाड्यांना कुत्रे जुंपत, आणि अशा एका फेरीवाल्याचा कुत्रा मरून पडला आहे असं तिचं १८६०चं मोठं चित्र गाजलं. राजघराण्यातल्या कुत्र्यांची कामंही तिला मिळाली. १८७०च्या आसपास ती मांजरांकडे वळली, ती कायमची.

तिनं आपल्या स्टुडिओत पुढून काच असलेला एक मोठा पेटारा करून घेतला होता. आत मऊ गाद्या. पिल्लांना त्यात सोडायचं आणि काचेच्या बाहेर बसून पाहायचं. पिल्लं खेळायची, अंग चाटायची, एकमेकांच्या अंगावर लोळून झोपायची; त्यांना बाहेरच्या नजरेचा उपद्रव नव्हता. त्यातली एखादी ढब मनात भरली की ती कागदाचा छोटा आकार घडवून तो कापडाच्या चुण्यांत, फर्निचरवर मांडून ठेवायची. त्यामुळे सावली कुठे पडते, गादी किती दबते हे तिला निवांतपणे अभ्यासता येई. रंगवताना समोर जिवंत मांजर असायचं ते फक्त केसांचा पोत आणि डोळे यांच्यासाठी. १८८७मध्ये तिला बेल्जियमचा ‘ऑर्डर ऑफ लिओपोल्ड’ हा सन्मान मिळाला. १९०९मध्ये ती वारली.

तिची उत्तरार्धातली चित्रं मला थोडी जास्तच गोड वाटतात. टोपलीतली पिल्लं, रेशमी गोंडे, उलथलेलं शिवणकाम. दिवाणखान्यात लावायला विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आवड त्यात ओळखू येते. पण गोडवा बाजूला ठेवून मांजर कशावर बसलं आहे ते पाहावं. पोटाचं वजन गादीत बरोबर रुतलेलं असतं, आणि खांद्याचं हाड कातडीखाली जिथे वर यायला हवं तिथेच येतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या रेक्सम्युझियममध्ये तिचं डोमिनोच्या सोंगट्यांशी खेळणारं मांजर आहे. पंजा उचललेला आहे, पण शरीराचा तोल मागच्या पायांवर आहे. हे ज्याला दिसलं त्याला मांजर समजलं.

तिच्या आधीच्या मोठ्या चित्रकारांनी मांजर क्वचितच मध्यभागी आणलं. ते कोपऱ्यात असायचं, आणि गंमत म्हणजे कोपऱ्यातच जास्त जिवंत असायचं. शार्दांच्या १७२८च्या ‘द रे’मध्ये टांगलेल्या सोललेल्या माशाखाली शिंपल्यांवर पाय देऊन कमान केलेलं एक पिल्लू आहे, लुव्रमध्ये आजही माणसं त्या भयंकर माशासाठी थांबतात आणि पिल्लाकडे बघत बसतात. होगार्थच्या १७४२च्या ‘द ग्रॅहम चिल्ड्रन’मध्ये मुलं नाचत-हसत आहेत आणि खुर्चीच्या पाठीवर चढलेलं पट्टेरी मांजर पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे डोळे फाडून पाहतं आहे. त्या मांजराच्या चेहऱ्यावर जी अधीरता आहे ती मुलांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर नाही. आणि गोयाचं लाल पोशाखातल्या मान्युएल ओसोरिओ या लहानग्याचं चित्र, जे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलाच्या हातातल्या दोरीला मॅगपाय पक्षी बांधलेला आहे, पक्ष्याच्या चोचीत गोयाच्या नावाचं कार्ड, आणि मागे अंधारात तीन मांजरं. तिसरं तर काळोखात इतकं मिसळलं आहे की आधी नुसते डोळेच दिसतात. गोयानं तिथे एकेक केस रंगवलेला नाही. तरी त्या मांजरांचं दबा धरून बसणं खोटं वाटत नाही.

इथे या कलेतला सगळ्यात मोठा गैरसमज येतो. वास्तववादी मांजर म्हणजे प्रत्येक केस दाखवलेलं मांजर, असं बहुतेकांना वाटतं. शिकाऊ चित्रकारांना तर हमखास. बारीक ब्रश घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत सारख्या जाडीचे, सारख्या अंतराचे फटकारे मारत गेलं की जे तयार होतं ते मांजर नसतं, काथ्याचं पायपुसणं असतं. डोळ्याला केस दिसतच नाहीत. दिसते ती केसांच्या झुबक्यांवर पडलेली उजेड-सावली. म्हणून कलाशाळेत पहिली सूचना असते ती डोळे किलकिले करून पाहण्याची. तपशील पुसट होतात आणि उरतात तीन-चार मोठे आकार: उजेडातली पाठ, सावलीतलं पोट, मधला धूसर भाग, जमिनीवरून परत वर उसळलेला थोडा प्रकाश. हे आकार आधी पातळ रंगात, मोठ्या ब्रशनं मांडायचे. ते बरोबर बसले तर वीस फुटांवरून मांजर ओळखू येतं, एकही केस नसताना.

मग केस येतात, तेही सगळीकडे नाहीत. उजेड जिथे सावलीला भेटतो त्या पट्ट्यात पोत सर्वांत जास्त दिसतो, कारण तिथे प्रकाश तिरका लागतो. भर उजेडात आणि गडद सावलीत तो विरघळतो. नाकाच्या दांडीवर केस मिलिमीटरभराचे, कपाळावर जरा मोठे, गालांवर बाहेर फेकलेले, छातीवर लांब आणि वळणदार. प्रत्येक जागी त्यांची दिशा वेगळी असते, आणि ती दिशाच खालच्या हाडांचा आकार सांगते. शिवाय अंगावर केसांचे थर असतात. खाली मऊ दाट लव, वर लांब राठ केस. म्हणून खालचा थर ओल्या रंगात ओला रंग मिसळून धूसर ठेवतात आणि वरचे मोजके केस तो सुकल्यावर टोकदार काढतात. त्यात एक जुना नियम पाळावा लागतो: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि काही वर्षांत रंगाला भेगा जातात.

एरवी अडचण वाटणारा तैलरंगाचा संथपणा इथेच उपयोगी पडतो. फरचं सगळं सौंदर्य कडांमध्ये आहे. मांजराची पाठ पार्श्वभूमीला जिथे मिळते तिथे रेषा नसते, एक मऊ धुकट पट्टा असतो. रंग दिवसभर ओला राहत असल्यामुळे कोरड्या ब्रशनं ती कड हलकेच ओढून मऊ करता येते, आवडली नाही तर पुन्हा ओढता येते. झटपट सुकणाऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये हे करताना दमछाक होते.

रंगाची ही करामत फक्त मांजरांपुरती नाही. यान व्हान आयकच्या १४३४च्या ‘आर्नोल्फिनी’ दांपत्याच्या चित्रात पायाशी एक झिपरं कुत्रं उभं आहे. इन्फ्रारेड तपासणीत असं आढळलं की त्या कुत्र्याला खाली कच्चं रेखाटनच नाही. ते थेट रंगातच आलं आहे. सगळं चित्र आखूनरेखून करणाऱ्या माणसानं कुत्र्याला मात्र आयत्या वेळी आत घेतलं, आणि पाहणाऱ्याकडे सरळ बघणारा त्या खोलीतला तोच एक जीव. कॅरल फॅब्रिशियसच्या १६५४च्या ‘गोल्डफिंच’मध्ये तर कमालीची काटकसर आहे. वहीच्या पानाएवढ्या अवकाशात साखळीनं बांधलेला पाळीव पक्षी. पंखावरचा पिवळा पट्टा जाड रंगाच्या एका ठसठशीत फटकाऱ्यात आला आहे आणि त्यात ओला रंग असतानाच ब्रशच्या दांड्यानं खरवडलं आहे. जवळून नुसता रंग. चार पावलं मागे गेलं की पिसं.

आखूड केसांच्या प्राण्यांचं गणित निराळं. तिथे काही लपवायला लांब केस नसतात, कातडीखालचा स्नायू सरळ दिसतो. जॉर्ज स्टब्जनं इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या एका खेड्यात दीड वर्ष घोड्यांची विच्छेदनं केली आणि १७६६मध्ये ‘द अ‍ॅनाटॉमी ऑफ द हॉर्स’ हे चित्रांचं पुस्तक काढलं. त्याच्या कुत्र्यांतही तोच अभ्यास आहे. पुढे लुसियन फ्रॉइडनं ‘प्लूटो’ आणि ‘ईलाय’ या व्हिपेट जातीच्या कुत्र्यांना नग्न माणसांच्या शेजारी झोपलेलं रंगवलं. कुत्र्याची बरगडी आणि माणसाची बरगडी त्यानं सारख्याच निष्ठुर लक्षानं पाहिली आहे. कुत्रं झोपलेलं असण्यामागे व्यवहारही होता: झोपलेला प्राणी तासभर तरी हलत नाही. डेव्हिड हॉकनीनं १९९५मध्ये आपले दोन डॅक्सहुंड रंगवताना घरभर बुटके इझल मांडून ठेवले, रंगही काढून ठेवले. कुत्रे झोपले रे झोपले की कामाला लागायचं. दारावरची घंटा वाजली की बैठक संपली.

एडविन लँडसीअर या सगळ्यांहून लोकप्रिय. राणी व्हिक्टोरियाचा ‘डॅश’, प्रिन्स अल्बर्टची ‘इऑस’ त्यानंच रंगवली. हात विलक्षण तयार होता. कुत्र्याचं ओलं नाक, कानाची मखमल, काळ्या कुळकुळीत अंगावरची निळसर झळाळी यांत त्याला तोड नव्हती. पण तो कुत्र्यांना माणसांचे भाव देतो. १८३७च्या चित्रात मेंढपाळाच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा जगभर रडवून गेला. मला मात्र तिथे कुत्र्यापेक्षा चित्रकाराचा हेतू आधी दिसतो. प्राण्याच्या चेहऱ्यावर माणसाची भुवई चढली, की तंत्र कितीही अचूक असो, वास्तव निसटतं.

डोळ्यांपाशी ही भूल सर्वांत लवकर पडते. मांजराच्या डोळ्यावरचा पारदर्शक पडदा चांगलाच फुगीर असतो आणि रंगीत बुबुळ त्याच्या मागे, आत खोल. त्यामुळे उजेड वरून डावीकडून येत असेल तर चमकेचा ठिपका वर डावीकडे पडतो, पण बुबुळ उजळतं ते खाली उजवीकडे, कारण प्रकाश त्या पडद्यातून आरपार जाऊन पलीकडे साठतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. हे तीन थर आले की डोळा गोल होतो. नुसता पिवळा रंग आणि काळी फट काढली तर तो बटणासारखा सपाट राहतो. दुसरी नेहमीची चूक बाहुलीची. मांजराच्या बाहुलीचं क्षेत्रफळ उजेडाप्रमाणे सुमारे १३५ पटींनी कमी-जास्त होऊ शकतं. माणसात हे प्रमाण १५ पटींच्या आसपास. म्हणजे चित्रात ऊन पडलं असेल तर बाहुली उभी बारीक फटच हवी. भर उन्हात बसलेलं, काळेभोर गोल डोळ्यांचं मांजर हे बहुतेक वेळा दोन निरनिराळ्या फोटोंवरून जुळवलेलं असतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

काळं मांजर रंगवायला काळा रंग फार लागत नाही आणि पांढऱ्याला पांढरा. ट्यूबमधला काळा सरळ फासला तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. खिडकीच्या उजेडात काळी फर निळसर-करडी होते, उन्हात तिच्या कडा तांबूस तपकिरी होतात. सगळ्यात खोल काळोख फक्त कानाच्या आत, हनुवटीखाली, पंजांच्या मध्ये. पांढऱ्या मांजराचं याच्या उलट: सावलीतला भाग निळसर, जांभळट, आणि लाल गालिच्यावर बसलं असेल तर पोट चक्क गुलाबी. शुद्ध पांढरा फक्त एक-दोन ठिकाणी राखून ठेवायचा. केशरी बोक्याला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे रंग बहुतेक पुरतात. अंगावरचे पट्टे मात्र गोलाईबरोबर वळले पाहिजेत. सरळ ओढले तर वरून छापल्यासारखे दिसतात.

मिशा सगळ्यात शेवटी. दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा, चार ओळींत. लांब केसांचा रिगर ब्रश, पातळ केलेला रंग, मुळाशी दाब देऊन टोकाकडे उचलत एकच झटका. थबकलं की तार होते.

आपल्याकडे तैलरंगातलं हे वास्तववादी वळण आलं ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून. तिथे घडलेल्या पेस्तनजी बोमनजींचं १८८२चं एक चित्र पोपटाला खाऊ घालण्याच्या प्रसंगाचं आहे. मांजरांपेक्षा पोपट हा त्या काळातल्या मुंबईच्या घरांना अधिक साजेसा पाळीव जीव, आणि पिंजऱ्यात किंवा दांडीवर असल्यामुळे चित्रकाराच्याही सोयीचा.

आता बहुतेक चित्रकार मोबाइलच्या फोटोवरून काम करतात आणि मागणीही पुष्कळ आहे. अनेकदा प्राणी गेल्यानंतरच. पण फोटो जशाचा तसा उतरवला तर त्याचे दोषही उतरतात. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे सरून लहान होतात. काळ्या मांजराचं अंग फोटोत सपाट काळा डाग होतं. फ्लॅश लावला की डोळ्यामागचा परावर्तक थर हिरवा पेटतो आणि सगळ्या सावल्या नाहीशा होतात. म्हणून जाणकार चित्रकार मालकाला सांगतात: खिडकीशी बसवा, फ्लॅश बंद करा, स्वतः खाली बसून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, मागे सरा आणि झूम करा. एक फोटो चेहऱ्याचा, एक पूर्ण अंगाचा, एक पंजांचा.

एवढं करूनही मालकाचं समाधान होईलच असं नाही. ‘सगळं बरोबर आहे, पण हा आमचा नाही,’ हे वाक्य अशी चित्रं काढणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. मालक फर मोजत नाही. त्याला आठवतं ते भांडणात फाटलेलं कानाचं टोक, एका बाजूला जरा जास्त उतरलेला नाकावरचा ठिपका, बसताना डावा पंजा आत दुमडण्याची सवय. या गोष्टी एकाच फोटोत सहसा सापडत नाहीत. त्यामुळे काही चित्रकार फोटोंबरोबर मिनिटभराचा व्हिडिओ मागून घेतात, शक्यतो प्राण्याला आपण टिपले जातोय हे कळत नसतानाचा: ताटलीकडे येतानाचा, उडी मारण्याआधी अंदाज घेतानाचा, किंवा नुसतंच खिडकीत बसून कबुतरांवर नजर ठेवतानाचा.